आवडलेलं गाणं पाठवायचं कसं, आणि मित्राचं गाणं उचलून धरायचं कसं

गाणं आवडलं की ते लगेच कुणाला तरी पाठवायची खाज सगळ्यांनाच असते, पण समोरचा ते खरंच ऐकेल असं पाठवणं फार कमी जणांना जमतं. बहुतेक वेळा ग्रुपवर नुसती एक लिंक येऊन पडते, खाली दोघंतिघं अंगठा देतात, आणि संध्याकाळपर्यंत ती गुड मॉर्निंगच्या फुलांखाली आणि फॉरवर्डच्या ढिगाऱ्याखाली गाडली जाते. आणि गाणं जर आपल्याच मित्राचं असेल, म्हणजे त्यानेच लिहिलंय, त्यानेच चाल लावलीय, रात्र रात्र जागून रेकॉर्ड केलंय, तर त्याच्याही वाट्याला तोच अंगठा आणि फार तर एक "भारी रे" येतं. तर हे दोन्ही नीट कसं करायचं ते सांगते, आधी सोपं.

साधं शेअरिंग

पहिली गोष्ट म्हणजे ग्रुपवर टाकू नका, एकाला पाठवा. ग्रुपवर टाकलेलं गाणं प्रत्येकाला वाटतं की दुसरा कुणीतरी ऐकेल. एकाला पाठवलं की त्याला कळतं हे मला पाठवलंय, आणि सोबत दोन ओळी असल्या तर तो नक्की उघडतो. त्या दोन ओळीत गाण्याची स्तुती नको, त्याचा संबंध कशाशी आहे ते हवं. "जबरदस्त गाणं आहे, नक्की ऐक" याला काही अर्थ नाही राव, हे सगळेच लिहितात. त्याऐवजी असं काहीतरी लिहा: "तुला त्या दिवशी बासरी आवडली होती ना, यात दुसऱ्या अंतऱ्यानंतर एक तुकडा आहे, साधारण दोन मिनिटांच्या पुढे, तेवढा तरी ऐक, हेडफोन लावून." यात समोरच्याला कळतं की का ऐकायचं, कुठे कान द्यायचा, आणि सगळं ऐकायची सक्तीही नाही, आणि गंमत म्हणजे सक्ती नसली की माणूस अख्खं गाणं ऐकतो.

यूट्यूबवरचं लांब गाणं किंवा मैफिलीचं रेकॉर्डिंग असेल तर कंप्युटरवरून शेअर करा, तिथे शेअरचं बटण दाबलं की खाली एक चौकट येते, कुठल्या सेकंदापासून सुरू व्हावं ते त्यात टाकता येतं. पन्नास मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधली तुम्हाला आवडलेली ती एकच तान सदतिसाव्या मिनिटाला असेल तर तिथूनच पाठवा, उगाच समोरच्याला आलापीपासून शोधायला लावू नका. हो, ज्याला अख्खा विस्तार ऐकायची सवय आहे त्याला मात्र पहिल्यापासूनच पाठवायचं, नाहीतर तो चिडेल आणि त्याचं बरोबरच असेल.

दुसरी अडचण म्हणजे तुम्ही एक ॲप वापरता आणि समोरचा दुसरंच, मग लिंक उघडली की "लॉगिन करा" असं येतं आणि विषय तिथेच संपतो. यासाठी साँगलिंकसारख्या साइट आहेत, एका ॲपची लिंक तिथे टाकली की एक पान तयार होतं, त्यावर तेच गाणं स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब वगैरे जिथे जिथे असेल तिथल्या लिंका एकत्र मिळतात. किंवा सरळ विचारा ना, "तू कशावर ऐकतोस?" एकदा विचारलं की कायमचं काम होतं.

प्लेलिस्ट बनवून द्यायची असेल तर छोटी ठेवा. पन्नास गाण्यांची प्लेलिस्ट म्हणजे गृहपाठ. आठ-दहा गाणी पुरे, आणि पहिलं गाणं असं ठेवा की ज्याची चव समोरच्याला आधीपासून आहे, मग हळूहळू तुमच्याकडे ओढा. दोघांना मिळून करायची असेल तर स्पॉटिफायवर ब्लेंड आहे, २०२१ मध्ये आलं, दोघांच्या ऐकण्यातून ते एक यादी बनवतं आणि रोज बदलतं, आता तर दहा जणांपर्यंत चालतं. मजेशीर आहे, पण माझं मत विचाराल तर एकमेकांनी हाताने गाणी टाकलेली यादी जास्त बरी, कारण त्यात "हे तू टाकलंस? का?" असं विचारता येतं.

आणि हो, पाठवल्यावर दोन तासांनी "ऐकलंस का" विचारू नका. आठवड्यानं विचारा. आणि त्याने तुम्हाला काही पाठवलं असेल तर आधी ते ऐका, हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालला तरच टिकतो.

आता मित्राचं गाणं

इथे जरा वेळ घालवणार आहे, कारण इथेच लोक प्रेमापोटी घोळ घालतात.

मित्राने गाणं बाहेर यायच्या आधी पाठवलं तर पहिला प्रश्न असा विचारा: "हे कुठल्या टप्प्यावर आहे, आणि तुला माझ्याकडून काय हवंय?" कारण फोनवर गुणगुणून पाठवलेली चाल, कच्चं मिक्स (म्हणजे आवाज आणि वाद्यं एकत्र जुळवायचं काम अजून चालूच आहे) आणि फायनल मास्टर (बाहेर टाकायला तयार झालेली शेवटची फाइल) या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसती चाल पाठवली असेल तेव्हा "आवाज लांबून येतोय" म्हणून उपयोग नाही, त्यालाही माहितीये तो फोन आहे. आणि मास्टर होऊन गाणं अपलोड झाल्यावर "मुखडा बदलायला हवा होता" म्हणणं म्हणजे लग्न लागल्यावर स्थळाविषयी शंका काढण्यासारखं आहे. चालीच्या टप्प्यावर चालीबद्दल बोला, शब्दांबद्दल बोला, कुठे कंटाळा आला ते सांगा. मिक्सच्या टप्प्यावर काय ऐकू येतंय आणि काय नाही ते सांगा. मास्टर झाल्यावर फक्त काही खरंच बिघडलं असेल, म्हणजे मध्येच आवाज फाटतोय, शेवट अर्धवट तुटलाय, तेवढंच सांगा आणि बाकी आनंद घ्या. काही वेळा तर त्याला मत नकोच असतं, त्याला फक्त कुणालातरी दाखवायचं असतं, आणि तेही ठीक आहे.

ऐकताना कशावर ऐकताय याकडे लक्ष द्या. फोनच्या स्पीकरवर ऐकून "यात बेस कमी आहे" असं सांगू नका, तो इवलासा स्पीकर खालचे सूर धड वाजवूच शकत नाही. एकदा हेडफोनवर ऐका, मग फोनच्या स्पीकरवर, जमलं तर गाडीत. फोनच्या स्पीकरवर शब्द कळले नाहीत तर मात्र ते नक्की सांगा, कारण अर्धे लोक तसेच ऐकणारेत. आणि कच्च्या मिक्सची तुलना बाजारातल्या तयार गाण्याशी करत असाल तर दोन्हींचा आवाज कानाला सारखा करून घ्या, मोठ्याने वाजणारं गाणं कानाला नेहमी चांगलंच वाटतं, ही कानाची जुनी फसगत आहे. स्पॉटिफायने म्हणूनच डिफॉल्ट सेटिंगमध्ये सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (गाणं कानाला किती मोठं वाटतं ते मोजायचं एकक) या पातळीला आणून वाजवायची पद्धत ठेवलीय, पण मित्राने पाठवलेली फाइल काही त्यातून गेलेली नसते.

फाइलवरून आठवलं, गाणं नीट ऐकायचं असेल तर मूळ फाइल मागवा, ड्राइव्हची लिंक चालेल. सीडीच्या दर्जाची वेव फाइल, म्हणजे न दाबलेला मूळ आवाज, मिनिटाला साधारण १० एमबी होते आणि ३२० केबीपीएसची एमपी३ मिनिटाला अडीच एमबीच्या आत बसते. एमपी३ मत द्यायला पुरेशी आहे, पण व्हॉइस नोटमध्ये दाबून चेपून आलेल्या आवाजावरून झांजा कर्कश आहेत की नाहीत हे ठरवू नका.

मत देताना मिनिट-सेकंद लिहा. हे सगळ्यात कामाचं आहे. "मस्त आहे पण काहीतरी मिसिंग वाटतंय" असलं वाक्य ऐकून बिचारा आठवडाभर झोपत नाही आणि हाताला काही लागतही नाही. त्यापेक्षा असा मेसेज बघा:

"१:१२ ला तू जिथे वरच्या सुराला जातोस तिथे अंगावर काटा आला, ते हलवू नकोस. दुसऱ्या अंतऱ्यात गिटार आणि आवाज एकमेकांवर चढतायत, 'विसरलो'मधला 'वि' मला तीन वेळा ऐकून कळला. शेवटी ध्रुवपद चार वेळा येतं, मला तिसऱ्यालाच संपलंसं वाटलं, पण हे फक्त माझं."

यात चांगलं काय ते आहे आणि कुठे आहे ते आहे, आणि शेवटच्या मताला "हे फक्त माझं" म्हणून सोडून दिलंय. "चांगलं" सांगायचं ते उगाच गोड बोलायचं म्हणून नाही, मिक्स करताना लोक चांगली जागाही घासून घासून घालवतात, त्यामुळे काय हलवायचं नाही हे सांगणं हीसुद्धा मदतच आहे. आणि "तू अगदी अमक्यासारखा गातोस" हे शक्यतो टाळा, तुम्हाला कौतुक वाटतं, त्याला वाटतं मी नक्कल करतोय.

अजून एक, बाहेर न आलेलं गाणं पुढे पाठवू नका. घरच्यांनाही नाही, "फक्त एकालाच दाखवलं"ही नाही. प्रायव्हेट लिंक असली तरी ती ज्याच्या हातात पडेल त्याला बहुतेक वेळा उघडता येते.

गाणं बाहेर आल्यावर

बरीच गाणी शुक्रवारी येतात, १० जुलै २०१५ पासून संगीत कंपन्यांनी जगभर शुक्रवार हाच रिलीजचा वार ठरवलाय. मित्राने स्पॉटिफायवर टाकलं असेल तर तुम्ही त्याच्या कलाकार-पानाला आधीच फॉलो करून ठेवा, कारण फॉलो करणाऱ्यांच्या 'रिलीज रडार' या यादीत नवं गाणं येतं आणि ती यादीही शुक्रवारीच बदलते. मित्र पहिल्यांदाच गाणं टाकत असेल तर त्याला आठवण करा की रिलीजच्या किमान ७ दिवस आधी गाणं स्पॉटिफायच्या संपादकांकडे पिच करायचं, म्हणजे विचारात घ्या म्हणून पाठवायचं असतं, तसं केलं की फॉलोअरच्या रिलीज रडारमध्ये तेच गाणं जातं. बरेच जण आदल्या रात्री अपलोड करतात आणि मग हळहळतात.

आता ऐकण्याचं गणित. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजला जातो. हे कळलं की लोकांच्या डोक्यात लगेच एकच आयडिया येते, रात्रभर गाणं लूपवर लावून ठेवू. नका करू. एक तर एका ऐकण्यामागे अमुक पैसे असा ठरलेला दर नसतोच, जमलेल्या पैशांची वाटणी एकूण ऐकण्यातल्या वाट्यानुसार होते, आणि २०२४ पासून तर गेल्या १२ महिन्यांत किमान १००० स्ट्रीम झाले नसतील तर त्या गाण्याचे रेकॉर्डिंगचे पैसेच मोजले जात नाहीत. दुसरं म्हणजे खोटे स्ट्रीम पकडले गेले तर ते काढून टाकतात, फारच उघड असेल तर वितरकाकडून (म्हणजे कलाकाराचं गाणं ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीकडून) दंड घेतात, आणि काही वितरक तो कलाकाराच्या खात्यातूनच कापतात. म्हणजे तुम्ही मदत म्हणून विकत घेतलेले "दहा हजार प्ले" मित्राच्या अंगाशी येणार. असल्या प्ले विकणाऱ्या जाहिरातींपासून त्यालाही लांब ठेवा, पहिलं गाणं आलं की असले मेसेज इनबॉक्समध्ये येतातच.

मग करायचं काय, तर गाणं आवडलं असेल तर सेव्ह करा, आणि स्वतःच्या अशा यादीत टाका जी तुम्ही खरंच ऐकता. बस. आणि इथे एक गोष्ट लोकांना पटत नाही पण सांगते: सगळ्या नातेवाइकांना धरून धरून गाणं लावायला सांगू नका. हे ॲप काय करतात, ज्यांनी हे गाणं ऐकलं ते अजून काय ऐकतात हे बघून पुढे कुणाला सुचवायचं ते ठरवतात. मित्राचं गाणं असेल मेटल आणि ते ऐकणारे पहिले चाळीस लोक असतील फक्त भजनं ऐकणारे, तेही वीस सेकंदांत बंद करणारे, तर त्या बिचाऱ्या ॲपने काय समजायचं? त्यापेक्षा तसलं संगीत खरोखर ऐकणारे तुमच्या ओळखीतले पाचजण शोधा आणि वर सांगितलं तसं, एकेकाला, कारण सांगून पाठवा. मित्राला गर्दीपेक्षा हे पाचजण जास्त उपयोगाचे. मावशीला ऐकवायचंच असेल तर समोर बसवून तुमच्या फोनवर ऐकवा, तिलाही बरं वाटेल.

यूट्यूबचं गणित वेगळं. तिथे जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास पाहिलं जाणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यू. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या ४००० तासांत धरत नाहीत, त्यामुळे मित्राच्या शॉर्टला लाइक करून थांबू नका, पूर्ण व्हिडिओ उघडा आणि शेवटपर्यंत बघा. आणि गाणं डाउनलोड करून स्वतःच्या चॅनेलवर "माझ्या मित्राचं गाणं" म्हणून चढवू नका, भावना चांगली आहे पण ऐकणारे दोन ठिकाणी फुटतात आणि वर कॉपीराइटची नोटीस तुम्हालाच येऊ शकते. लिंक द्या.

रील करणार असाल तर इन्स्टाग्रामच्या म्युझिकमध्ये गाण्याचं नाव शोधून तिथलाच ऑडिओ लावा. मागे स्पीकरवर गाणं वाजवून शूट केलं तर ते "ओरिजिनल ऑडिओ" म्हणून तुमच्या नावावर जाऊ शकतं आणि गाण्याचं नाव कुठेच दिसत नाही. रील चाललं आणि खाली लोक "गाणं कुठलंय" विचारत बसले, असं नको. आणि नावं देताना सगळ्यांची द्या: गीत कुणाचं, संगीत कुणाचं, तबला कुणी वाजवला, मिक्स कुणी केलं. गाणाऱ्याला सगळे टॅग करतात, तबलजीला कुणी करत नाही.

पैशानेच मदत करायची असेल तर ऐकण्यापेक्षा विकत घेणं कितीतरी पटीनं भारी पडतं. बँडकॅम्पवर गाणं किंवा अल्बम विकत घेता येतो, डिजिटल विक्रीवर ते साधारण १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के घेतात, पेमेंटचा खर्च जाऊन सरासरी ८२ टक्के कलाकाराकडे जातात. मार्च २०२० पासून ते अधूनमधून बँडकॅम्प फ्रायडे ठेवतात, त्या दिवशी ते आपला वाटा सोडतात, म्हणून घ्यायचंच असेल तर त्या दिवशी घ्या. ठरवलेल्या किमतीपेक्षा जास्त रक्कम टाकायची सोयही आहे, न बोलता पाठिंबा द्यायचा असेल तर ती वापरा.

कार्यक्रमाला गेलात तर

तिकीट काढा. "अरे गेस्ट लिस्टमध्ये टाक ना" हे मित्राला म्हणू नका, छोट्या कार्यक्रमात ती दहा तिकिटंच त्याची कमाई असते. सुरुवातीपासून जा, त्याच्या आधी जो गातोय त्यालाही ऐका, आणि मागे भिंतीला टेकून उभं राहू नका, पुढे या. पुढची जागा रिकामी दिसली की गाणाऱ्याचा अर्धा जीव तिथेच जातो.

व्हिडिओ काढणार असाल तर एखादंच गाणं काढा, आणि जमलं तर साउंडवाला जिथे बसतो त्याच्या आसपास उभं राहून, कारण तो स्वतः जे ऐकतो त्यावरूनच सगळा आवाज लावत असतो. स्पीकरच्या तोंडाशी उभं राहून काढलेल्या व्हिडिओत नुसती घरघर येते. फ्लॅश बंद. टाळ्या वाजवायच्या तर ठेका ऐकून वाजवा, नाहीतर ड्रमरला त्रास होतो, हे मी हसण्यावारी नेत नाहीये. व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून पाठवलात तर दबतो, मूळ फाइल ड्राइव्हवर टाकून द्या, पुढे त्याला कुठे अर्ज करायला किंवा कार्यक्रम मागायला तीच लागते. आणि संपल्यावर केबल गुंडाळायला, ॲम्प उचलायला हात लावा. पण केबल कशी गुंडाळायची ते आधी विचारा, कोपरावर गुंडाळलेली केबल बघून वादकांच्या डोळ्यात पाणी येतं.

आवडलंच नाही तर?

हे होतं. खोटं बोलू नका, पण निकालही देऊ नका. गाण्यात एक तरी गोष्ट सापडते जी खरंच बरी आहे, एखादी ओळ, एखादा हार्मोनियमचा तुकडा, ती नेमकी सांगा आणि थांबा. त्याने खोदून विचारलं तर "हे माझ्या कानाचं नाही, पण तो तुकडा खरंच जमलाय" एवढं पुरतं. ते गाणं स्टेटसला ठेवलंच पाहिजे असं काही नाही, त्याऐवजी कार्यक्रमाला जा, फोटो काढून द्या, पोस्टरमधल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून द्या, ही मदत चवीवर अवलंबून नाही.

आणि काही प्रश्न विचारूच नका. "मग किती व्ह्यू झाले?", "यातून पैसे मिळतात का?", "आमच्या कार्यक्रमात फुकट गाशील ना?" यातला तिसरा तर अजिबातच नाही, बोलवायचं असेल तर मानधन आधी सांगा आणि साउंडची सोय कोण करणार तेही.

रिलीजच्या दिवशी त्याच्याभोवती बरेच लोक असतात, स्टोऱ्या पडतात, फोन येतात. तीन आठवड्यांनी कुणी नसतं. तेव्हा, कामावर जाताना ते गाणं मध्येच लागलं की त्याला सांगा की लागलं होतं, आणि या वेळी दुसऱ्या अंतऱ्यातला तो शब्द पहिल्यांदाच नीट ऐकू आला की नाही तेही सांगा.